साराबांद आणि मिन्युएट दोन्ही तीन मात्रांचे, मग वाजवताना फरक कुठे पडतो?

चेलोवाली_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात चेलो शिकते. त्याआधी बरीच वर्षं तबला वाजवलाय, त्यामुळे मात्रा मोजायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. सध्या बाखचा पहिला सुइट (जी मेजर; सुइट म्हणजे जुन्या नाचांवर बेतलेल्या तुकड्यांची माळ) चालू आहे. प्रेल्यूड बसला, आलमांद आणि कुरांतही मार्गी लागले. आता साराबांद आणि त्याच्या पुढचे दोन मिन्युएट या नाचांपाशी अडकले आहे. कागदावर दोन्हीकडे ३/४ च. मी साराबांद हळू वाजवते, मिन्युएट जरा जलद. सर दरवेळी म्हणतात, "हा नुसता लयीचा फरक झाला. नाच ऐकू येत नाही." नाच मी कधी पाहिलेलाच नाही, तर ऐकवू कुठून? इथे कुणी हे नाच प्रत्यक्ष केलेत का? पाय कधी पडतो तेवढं सांगा, पुढचं मी बघते.

मंद्रसप्तक

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी जर्मनीत असतो, हौशी वाद्यवृंदात व्हियोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) वाजवतो आणि बरोक नृत्याच्या, म्हणजे बाखच्या काळातल्या युरोपी दरबारी नाचांच्या, वर्गाला जातो. तिथे जायला लागल्यापासून हे सुइट मला वेगळेच ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मिन्युएट. त्याच्या पावलांचा एक संच तीन मात्रांत संपत नाही, सहा लागतात, म्हणजे दोन बार (तीन मात्रांचा एक गट म्हणजे इथे एक बार). आणि सहा मात्रांत पावलं चारच. आधीच्या सहावर गुडघे किंचित वाकतात, एकवर उजव्या पायाच्या चवड्यावर उठायचं. दोनवर पुन्हा वाकायचं, तीनवर डाव्यावर उठायचं. मग चार आणि पाचवर चवड्यांवरच दोन साधी पावलं, सहावर परत गुडघे. तबला वाजवलाय म्हटल्यावर तुम्हाला दादरा आठवणार, पण पाय तसे तीन-तीन पडत नाहीत. अंगाचं वजन १, ३, ४, ५ वर येतं. खाली संगीत तीन-तीनने चाललेलं आणि वर नाचणारा तीनवर उठतोय, या ओढाताणीत मिन्युएटची सगळी ऐट आहे. तुम्ही प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर सारखा जोर दिलात की ती गेली. दोन बार मिळून एक श्वास धरा. दुसऱ्या बारची पहिली मात्रा हलकी जाऊ द्या. पहिला मिन्युएट ८ आणि १६ बारांचा आहे, म्हणजे जोड्या बरोबर बसतात.

फ्रान्सच्या राजाच्या, चौदाव्या लुईच्या दरबारी नाचात एका वेळी एकच जोडी उठायची आणि बाकी सगळा दरबार बघत बसायचा. घाई करून कसं चालेल? बाखचा समकालीन जर्मन संगीतलेखक माटेसोन याने १७३९ साली मिन्युएटचा भाव माफक आनंद असा सांगितला आहे. मला ते फार पटतं.

साराबांदचं कूळ निराळं. स्पेनमध्ये तो गिटार आणि कॅस्टनेटवरचा उडता, धीट प्रकार होता, इतका की १५८३ साली त्यावर बंदी आली. फ्रेंच दरबारात पोचेपर्यंत तो संथ आणि भारदस्त झाला. पाऊल असं: गुडघे वाकवून एकवर उठायचं, मग दुसरा पाय जमिनीला घासत पुढे सरकतो आणि उरलेला वेळ त्या सरकण्यातच जातो. म्हणून दुसऱ्या मात्रेवर ठोका देऊ नका, तिथे रेला. तुमच्या साराबांदचा पहिलाच बार पाहा, एकवर कॉर्ड (अनेक सूर एकत्र), दोनवरही कॉर्ड. एकवर बो (गज) उधळलात तर दोनसाठी काही उरत नाही. बो राखून ठेवा.

तिसरीतार

मंद्रसप्तक यांचं मिन्युएटबद्दलचं म्हणणं मान्य, पण हे सुइट नाचण्यासाठी लिहिलेले नाहीत हेही सांगायला हवं. बाख तेव्हा जर्मनीतल्या क्योथेनमध्ये होता, १७२० च्या आसपास. आलमांद तर तोवर नाचण्याच्या प्रथेतून जवळजवळ गेलाच होता. पाचव्या सुइटचा साराबांद घ्या. एकही कॉर्ड नाही, एकेरी सूर. बहुतेक बारांत चार छोटे सूर आणि मग तिसऱ्या मात्रेवर एक लांब. दुसऱ्या मात्रेचा भार तिथे कुठे शोधणार? पावलांना धरून वाजवायला गेलं तर असं संगीत अडकून पडतं.

मडगावकर

थोडं बाजूचं, पण पुढे उपयोगी पडेल. तिसऱ्या-चौथ्या सुइटमध्ये मिन्युएटच्या जागी बूरे हे नाच आहेत, पाचव्या-सहाव्यात गावोत. हे दोन्हीही कागदावर सारखे दिसतात आणि मुलं हमखास गोंधळतात. बूरे पहिल्या पूर्ण बारच्या आधी एका क्रॉचेटने (पाव सुराने) उचलला जातो, गावोत दोन क्रॉचेटने, म्हणजे बारच्या मधूनच. एवढं पक्कं केलं की बो आपोआप वेगळा चालतो. व्हायोलिनच्या मुलांना मी आधी टाळी वाजवत चालायला लावतो, मग वाद्य हातात.

चेलोवाली_पुणे

वाद्य बाजूला ठेवून १, ३, ४, ५ चालून पाहिलं. तीनवर उठताना तोल जातो, आणि तिथेच मी बो दाबत होते हे लक्षात आलं! दुसरा मिन्युएट मायनरमध्ये जातो, तिथे लय उतरवायची का? आणि तिसरीतार यांच्या मुद्द्यावर तुमचं काय म्हणणं आहे?

मंद्रसप्तक

लय उतरवू नका. पाय तेच, पावलं तीच, फक्त रंग बदलतो. दुसरा संपल्यावर पहिला पुन्हा वाजवायचा आहे. मध्येच लय सोडलीत तर परतल्यावर तो वेगळाच तुकडा वाटतो.

पाचव्या सुइटबद्दल तिसरीतार यांचं निरीक्षण खरं आहे, आणि तो साराबांद पायाने उकलत नाही हे मीही मानतो. पण बाखच्या ऐकणाऱ्यांच्या अंगात साराबांद मुरलेला होता. दुसऱ्या मात्रेवर भार येणार ही त्यांची अपेक्षा आणि तिथे सूर न थांबता पुढेच जातोय, हे त्यांना नक्की जाणवलं असणार. ज्याने कधी त्या मात्रेवर तोल सांभाळलेला नाही त्याला ते रितेपण कळायचं नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी पहिल्या सुइटचा साराबांद चालून घ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्याचाही. पाचव्याला त्यानंतर हात घाला.

मिन्युएटचा सराव करताना मेट्रोनोमचा (लय धरून ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका दोन बारांना एकच ठेवा. सुरुवातीला चाचपडायला होतं, पण बारच्या पहिल्या मात्रेवर जोर द्यायची सवय त्यानेच सुटते.