सीईटीचा पर्सेंटाइल आणि कॅपचा फॉर्म : खान्देशातल्या जाणकारांनी लिहा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे इंजिनिअरिंग प्रवेशाचं काम (आधी सीईटी परीक्षा, मग कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) जवळून पाहिलेल्यांसाठी हा धागा. कौतुकं नकोत, कामाचं लिहा.

भुसावळ, क्लासवाले
फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. वेळ संपली की तो भाग बंद, मग गणित उघडतं. गणिताचे प्रश्न ५०च, पण दोन-दोन गुणांचे. २०० पैकी १०० तिथेच. उणे गुण नाहीत, तरी पोरं प्रश्न कोरे सोडून येतात. बोर्डाच्या पेपरची सवय, दुसरं काय!

चोपडा
९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत रे भो. तुमच्या शिफ्टमधल्या (परीक्षेच्या सत्रातल्या) शंभरातले नव्वद तुमच्याइतक्या किंवा कमी गुणांवर आहेत, एवढाच अर्थ. शेजारच्या पोराची शिफ्ट वेगळी असेल तर नुसते गुण ताडून पाहण्यात काही हशील नाही.

जळगाव, फॉर्म भरून देणारे
सगळ्यात जास्त घोटाळा होम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या हद्दीत तुम्ही 'घरचे' धरले जाता त्याचा. ती बारावी जिथून पास झाली त्यावर ठरते, घरच्या पत्त्यावर नाही. रावेरचं पोर लातूरला बारावी करून आलं, तर उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) हद्दीतल्या कॉलेजांत ते 'बाहेरचं'. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. पालक पहिली दिसेल ती ओळ वाचतात आणि तिच्यावर पसंतीक्रम लावून मोकळे होतात. टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी माफीच्या जागांची) ओळ तर वेगळीच. फी माफ असते म्हणून तिथला कटऑफ बऱ्याचदा ओपनच्याही वर जातो.

शिरपूर
वरच्या मुद्द्याला जोड. २०२५च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हेच. त्यामुळे 'बघू मिळतं का' म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं.

नंदुरबार
एसटीच्या मुलांचा पर्सेंटाइल पुरेसा असूनही जातवैधता अडते. जमातीचं नाव 'पावरा' आणि 'पावारा', आजोबांच्या दाखल्यात एक, मुलाच्या दाखल्यात दुसरं. अकरावीतच कागद जुळवून घ्या. ओबीसींनी नॉन क्रीमी लेयर दाखल्याची मुदत तपासा. ती ३१ मार्चला संपते.