मदत हवी आहे: कामाला आणि फिरायला एकच केबिन सॅक, सात किलोत कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं ट्रॉली ओढतोय, आता पुरे झालं. पाठीवरची सॅक घ्यायची ठरवली आहे, पण दुकानात गेलं की डोकं चक्रावतं. म्हणून हा धागा.

मी कोल्हापूरचा. फाउंड्रीत (म्हणजे धातू ओतून सुटे भाग करायच्या कारखान्यात) साच्याची वाळू तपासायची जी यंत्रं असतात ती विकणं आणि त्यांची सर्व्हिस करणं हा माझा धंदा. शिरोली, गोकुळ शिरगाव दुचाकीवर उरकतं, पण महिन्यातून एकदा कोइमतूर नाहीतर राजकोट ठरलेलं. काम शुक्रवारी संपलं की शनिवार-रविवार तिकडेच कुठेतरी काढायचा, अशी सवय लागली आहे. बायको म्हणते, ही कसली कामं. असो.

गेल्या जानेवारीत कोइमतूरचं काम आटोपून मेट्टुपाळयमला गेलो, उटीची छोटी गाडी पकडायला. ती सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते. स्टेशनबाहेरच ट्रॉलीचं एक चाक निखळलं आणि गटारात गेलं. गाडीच्या त्या एवढ्याशा डब्यात सामानाला जागा ती कुठली! ४६ किलोमीटर, जवळजवळ पाच तास, ट्रॉली दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसलो. बाहेर निलगिरी होता म्हणतात.

दुसरा त्रास विमानाचा. हैदराबादहून कोल्हापूरला येणारं विमान बहुतेक वेळा एटीआर ७२, छोटं पंख्यांचं. त्याच्या वरच्या कप्प्यात ट्रॉली मावत नाही, मग शिडीपाशीच काढून घेतात. लॅपटॉप आत असला तर तिथेच उन्हात बॅग उघडून तो उपसायचा, मागे रांग ताटकळलेली. एकदा तर (विमान कंपनीचं नाव लिहीत नाही) बोर्डिंगच्या दारातच काटा लावला होता. मर्यादा सातची, माझी बॅग ९ किलो ४०० भरली. आतले सेफ्टी शूज काढून पायात चढवले, जर्किन अंगावर घातलं, चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून हातात धरली, तरी वरचे पैसे भरावे लागलेच. मे महिना होता.

तर हे सेफ्टी शूजच माझं खरं दुखणं आहे. फाउंड्रीत त्यांच्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. जड असतात, आणि दिवसभराची काळी वाळू शिलाईत अडकून बसते. मिटिंगच्या शर्टाशेजारी ते ठेवायचे म्हणजे जीवावर येतं.

काल हुकवाला काटा आणून एकेक वस्तू तोलली. लॅपटॉप चार्जरसकट २ किलो ५५०. शूज १ किलो ३००. कपडे (दोन शर्ट, एक फॉर्मल पँट, एक जीन्स, आतले) १ किलो ६००. दाढीचं सामान, औषधं ४००. पॉवर बँक ३५०. कॅटलॉग आणि किरकोळ ८००. बेरीज करा. बरोब्बर सात किलो. बॅग अजून धरलेलीच नाही!

बजेट सहा-सात हजार, फारच चांगली असेल तर आठ. प्रश्न असे:

३० लिटरची घ्यावी की ४०? शूजसाठी वेगळा कप्पा असलेली कोणी वापरली आहे का, की तो कप्पा नुसताच जागा खातो? आणि सॅक पाठीवर टाकून ग्राहकाच्या केबिनमध्ये गेलं तर ट्रेकला निघाल्यासारखं दिसेल का? २०२७ च्या जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला गिफा आहे (फाउंड्रीवाल्यांची पंढरी, चार वर्षांनी भरते). तिकडे जायचं चाललं आहे, तेव्हा तिथेही चालेल अशी हवी.

– धागाकर्ता

प्रतिसाद १

तुमची बेरीज बरोबर, हिशोब चुकला. इंडिगोचा नियम पुन्हा वाचा. ७ किलोची एक बॅग, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटीमीटर, आणि त्याशिवाय लॅपटॉप बॅग किंवा पर्ससारखी वस्तू ३ किलोपर्यंत. तुम्ही लॅपटॉप सॅकमध्ये घालून ते तीन किलो फुकट घालवताय.

मी काय करतो सांगतो. सॅकमध्येच एक पातळ, खांद्याला अडकवता येईल अशी लॅपटॉपची पिशवी ठेवतो. एरवी सगळं एकाच बॅगेत. काटा दिसला की पिशवी बाहेर, खांद्यावर. तुमचे अडीच किलो तिथेच गेले. एटीआरच्या शिडीपाशी सॅक मागितली तरी लॅपटॉप आपल्याकडे. सिक्युरिटीतही तो ट्रेमध्ये वेगळा ठेवावाच लागतो, तेही सोपं.

मात्र सगळ्याच कंपन्या असं चालवून घेत नाहीत. काही ठिकाणी दोन्ही नग एकत्र तोलतात. तिकीट काढताना बघून घ्या.

लिटरचं म्हणाल तर ५५ × ३५ × २५ चा डबा ४८ लिटरचा होतो, पण सॅक डब्यासारखी चौकोनी नसते. ४० लिटरची सॅक ठासून भरली की पोट सुटतं आणि २५ चे ३० सेंटीमीटर होतात. शिवाय जागा असली की माणूस भरतो. ३५ च्या वर जाऊ नका.

प्रतिसाद २

मी इचलकरंजीचा, त्यामुळे कापडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

दुकानदार '६०० डेनियर, १००० डेनियर' असं मोठ्या आवाजात सांगतो. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. आकडा मोठा म्हणजे सूत जाड आणि कापड जड. मजबुती नुसत्या त्या आकड्यावरून कळत नाही, सूत कशाचं ते विचारा. ४२० डेनियरचं चांगलं नायलॉन हे ६०० च्या साध्या पॉलिस्टरला सहज पुरून उरतं, आणि हलकंही पडतं. तुम्हाला ग्रॅमाग्रॅमाचं पडलंय, तर नायलॉनच बघा.

दुसरं म्हणजे आतून हात फिरवून पाहा. पाणी आत येऊ नये म्हणून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. आपल्याकडच्या दमट हवेत तीन-चार पावसाळे काढले की कित्येक बॅगांचा हा थर चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात आणि काळ्या पँटवर पांढरा भुगा. बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली तर हे आणखी लवकर होतं. थर टिकला तरी शिलाईतून पाणी येतंच, म्हणून कोल्हापूरच्या पावसात वेगळं रेन कव्हर हवंच.

आणि चेन! बॅग मरते ती चेनने. मुख्य चेन जाड दात्यांची हवी, ८ किंवा १० नंबरची. रनर गेला तर चांभाराकडे बदलून मिळतो, पण बारीक चेनचे दातेच निसटले तर अख्खी चेन उसवावी लागते.

प्रतिसाद ३

पाठदुखी सुरू झाली की याच धाग्यावर भेटू. मी ५२ चा आहे, ट्रॉलीवरच खूश आहे. चाकं चांगली घ्या, एवढंच.

धागाकर्ता

काका, चाकं चांगलीच होती. गटार वाईट होतं.

प्रतिसाद ४

ऑडिटसाठी महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेर असते, त्यामुळे माझं मत.

सुटकेससारखी पूर्ण उघडणारी घ्या. वरून तोंड असलेल्या ट्रेकिंग सॅकमध्ये खालचा शर्ट काढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा काढण्यासारखं, आणि इस्त्रीचं मातेरं. डेकॅथलॉनच्या फोरक्लाझ ट्रॅव्हलची ४० लिटरची अशी उघडते, तुमच्या बजेटमध्येही येईल, पण दिसायला भटक्यासारखीच. ऑस्प्रेची फारपॉइंट ४० पाठीवर फार छान बसते, दीड किलोच्या आसपास आहे. तिचे पट्टे मागे चेनच्या पडद्याआड लपवून ती हँडबॅगसारखी धरता येते, तुमचा तिसरा प्रश्न तिथे सुटतो. बजेट मात्र सुटत नाही. पीक डिझाइनची ४५ लिटरवाली बघून मोहात पडू नका. सुंदर आहे, पण रिकामी दोन किलोची.

मिटिंगसाठी काळी किंवा गडद राखाडी, बाहेर लोंबणारे पट्टे कमी, एवढं असलं की कोणी वळून बघत नाही. केबिनमध्ये शिरताना खांद्यावरून उतरवून हातात धरते मी.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका. घरून लॅपटॉप आणि ते शूज घेऊन जा, आत भरा, सगळे पट्टे आवळा आणि दुकानातच पंधरा मिनिटं फिरा. दुकानदार बघतो, बघू दे. कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. माझी उंची पाच फूट एक, पुरुषांच्या मापाच्या सॅकचा पट्टा माझ्या मांडीवर येतो. पाठीची लांबी मोजूनच घ्यायची.

शूजचा कप्पा नको. तो पोटातूनच जागा घेतो आणि शूज नसले तरी त्याचं अस्तर वजन खातंच. जुन्या उशीच्या अभ्र्यासारखी नाडीची पिशवी शिवून घ्या, चांगल्या जाड कापडाची. शूजच्या आत मोजे, चार्जर, बेल्ट भरा. शूज सॅकच्या तळाला, टाचा पाठीकडे. जड वस्तू पाठीला जितकी चिकटून तितका खांद्याला त्रास कमी.

प्रतिसाद ५

शूजच बदला की! बोटांवरची टोपी (टो) स्टीलऐवजी कंपोझिटची, म्हणजे बिनधातूची, असलेले मिळतात, मार सोसायची ताकद तीच २०० जूल, आयएस १५२९८ चा शिक्का बघून घ्या. हलके असतात, आणि पायात घालून गेलात तरी टोपीतल्या लोखंडामुळे दारात वाजण्याची कटकट नाही. फक्त तुमच्या ग्राहकांच्या सेफ्टीवाल्यांना आधी विचारा, काहींना स्टीलच लागतं.

धागाकर्ता

हे माहीतच नव्हतं! वाजण्यावरून आठवलं. एकदा बॅगेत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) मिसळलेल्या काळ्या वाळूची पुडी नमुना म्हणून होती. स्कॅनरवर थांबवलं, पुडी उघडली, 'हे काय?' म्हटलं वाळू. 'वाळू कुणी विमानाने नेतं का?' दहा मिनिटं साचा कसा करतात ते हातवारे करून समजावलं. तेव्हापासून नमुने कुरियरने.

प्रतिसाद ६

स्टुटगार्टहून लिहितोय. गिफाला लुफ्तान्साने आलात तर केबिन बॅग ८ किलो, ५५ × ४० × २३. म्हणजे वजनात एक किलोची चैन, पण जाडी २३ च धरा. खरी गंमत त्यानंतर. प्रदर्शन झाल्यावर रायनएअरचं स्वस्त तिकीट बघून लिस्बन-बार्सिलोना करायचा मोह होईल. तिथे फुकटात फक्त सीटखाली मावेल ती बॅग, ४० × ३० × २०, म्हणजे २४ लिटर. तुमची ३५ ची सॅक तिथे पैसे भरूनच जाणार. ते पैसे धरून मगच तिकीट स्वस्त आहे का ते बघा, नाहीतर सरळ रेल्वेने फिरा.

पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची हे माहीत असेलच. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची साधारण ७४ होते, ती चालते. पण तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर नवी घ्या. आणि द्रव पदार्थ १०० मिलीच्या वरच्या बाटलीत नकोत, बाटली अर्धी रिकामी असली तरी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल पुण्याला गेलो होतो. लॅपटॉप आणि शूज भरून दुकानात खरोखर पंधरा मिनिटं फिरलो. पोरगा म्हणाला, सर, ट्रायल रूम तिकडे आहे.

शेवटी ३५ लिटरची घेतली, नायलॉनची, काळी, सुटकेससारखी उघडणारी. रिकामी १ किलो १००. कंपनीचं नाव पहिली ट्रिप झाल्यावर सांगतो, आत्ताच कौतुक केलं तर दृष्ट लागेल. कॅटलॉग पीडीएफमध्ये घातले, पाचशे ग्रॅम तिथेच वाचले. आता लॅपटॉप वेगळ्या पिशवीत धरला तर सॅक ५ किलो ५० ग्रॅम. सगळं एकत्र तोललं आणि शूज पायात घातले तर ६ किलो ३००. काटा खोटा नसेल तर दोन्हीकडून सुटलो. कंपोझिट टोबद्दल राजकोटच्या ग्राहकाला मेल टाकली आहे.

पुढच्या गुरुवारी निघतोय. आता एकच राहिलं. शूजची पिशवी आईने जुन्या जाजमाची शिवून दिली, दणकट आहे, पण कामाहून परत येताना त्या शूजना जो वास येतो त्याचं काय करता?

प्रतिसाद ४

रात्री हॉटेलवर वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून ठेवा, सकाळी फेकून द्या. डांबरगोळी टाकू नका. मी एकदा टाकली होती, दोन दिवस ग्राहकाच्या ऑफिसात जुन्या कपाटासारखी घमघमत होते.