घोरपडीचं घर आणि शमुवेलाचा तिसरा अध्याय

(फॅमिली ग्रुप, रविवार दुपार)

मोठे काका: जय ख्रिस्त सर्वांना. आज उपासनेत पाळकसाहेब बायबलमधल्या शमुवेलावर बोलले आणि मला प्रभूचा आवाज अगदी स्पष्ट आला. पुण्यातलं आपलं घोरपडीचं घर बिल्डरला द्यायचं. सगळ्यांनी आमेन लिहा.

धाकटे काका: आमेन.

छोटी आत्या: आईला विचारलंस का दादा?

मोठे काका: तिचं वय झालंय, तिला कशाला त्रास. आणि प्रभूने सांगितल्यावर माणसांना विचारायचं नसतं.

छोटी आत्या: मग तोच अध्याय परत वाच. त्या पोराला, शमुवेलाला, तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो उठून मंदिरातल्या याजकाकडे, एलीकडे पळाला. ती देवाची हाक आहे हे ओळखलं कुणी? एलीनं. डोळ्यांनी दिसेनासं झालेला म्हातारा, पोरं वाया गेलेली, तरी त्यालाच कळलं. शमुवेलाला एकट्याला कळलंच नसतं. आणि आपण संडे स्कूलपासून "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथेच गोष्ट बंद करत आलोय. पुढे देव काय बोलला? एलीच्या घराण्याला शिक्षा होणार, म्हणाला. ज्याने सांभाळलं त्यालाच हे सांगायचं! पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, उठून मंदिराची दारं उघडली, तरी सांगायला घाबरत होतं. तुझ्या आवाजाने मात्र बरोबर तुला हवं तेच सांगितलं.

धाकटे काका: माझं आमेन जरा थांबवा.

मी: एक विचारू? मला आजवर कधीच आवाज आलेला नाही. ज्यांना येतो त्यांना तो आपल्याच मनाचा नाही, हे कशावरून कळतं?

मोठे काका: विश्वास लागतो बाळा.

वहिनी: पप्पा, राग मानू नका, पण नुसत्या विश्वासाने नाही होत. माझ्या कॅथलिक माहेरी, वसईला, रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, फादर जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसचं उदाहरण द्यायचे. ते सैनिकी बाण्याचे. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणाला खिळले. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं एवढंच. पराक्रमाची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असं मनात यायचं, तेव्हा नंतरही समाधान टिकून राहायचं. विचार येताना दोन्ही गोडच, नंतर उरतं काय ते बघायचं. पारख तिथून सुरू झाली. मन खिन्न असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा नियमही त्यांचाच. आजींच्या आजारपणात सगळेच थकलोय. आत्ता सही नको.

मी: हे पटलं. म्हणजे लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही.

मोठे काका: सूनबाई, आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत संतांचे नियम नसतात. शास्त्रातलं बोला. तिथे गिदोनाने देवाचं म्हणणं खरं का हे बघायला लोकर पसरून खूण मागितली की नाही? मीही मागितली. त्याच दुपारी बिल्डरचा फोन आला.

छोटी आत्या: बिल्डर रोज फोन करतो. मलाही करतो. आणि गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं, लोकर त्याच्या शंकेपायी होती. शास्त्रातलंच हवं तर यिर्मयाच्या पुस्तकाचा 23 वा अध्याय काढ. "मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले" म्हणत फिरणाऱ्या संदेष्ट्यांचं काय केलंय तिथे ते बघ.

धाकटे काका: काढला. कडक आहे.

धाकटी काकू: मी केडगावची, म्हणून बोलते. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले. त्यांचे आईवडील आधीच्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. तेवढ्यावर त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा पुण्याला घेऊन आल्या. इथे प्लेगमुळे सरकारी निर्बंध आले, मग केडगावच्या जमिनीवर सगळं हलवलं. खिशात पैसे किती, हे आधी बघितलं असतं तर त्यांचा तिथला आश्रम, मुक्ती मिशन, उभाच राहिला नसता. त्यांना काय ऐकू आलं यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही, केलं काय ते समोर दिसतं. दादांनी घर विकायला हरकत नाही, पण त्या पैशांचं काय करायचं हे प्रभूने सांगितलंय का?

मोठे काका: ते नंतर ठरवू.

छोटी आत्या: मी आईकडेच बसलेय. ती बोलते तसं टाइप करते.

छोटी आत्या: "या घरात रोज पहाटे उठून मीही प्रार्थना करते. मला प्रभूने अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं की कळवते. गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, कोण नेणार ते आधी ठरवा."

धाकटे काका: माझी गुरुवारी फर्स्ट शिफ्ट आहे.

मी: मी नेईन, पण कॉलेजनंतर. तीन वाजतील.

छोटी आत्या: डॉक्टर दहा ते बाराच असतात.

मोठे काका: मी नेतो. साडेनऊला येतो, तिला तयार ठेव.

छोटी आत्या: जुनी फाइल तुझ्याकडे आहे, ती घेऊन ये. ड्रॉप टाकल्यावर तिला दोनेक तास नीट दिसत नाही, तेव्हा लगेच सोडून पळू नकोस.

मोठे काका: बरं. पण बिल्डरला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, ते बोलायलाच लागेल.

छोटी आत्या: बोल ना. घोरपडीत, आईसमोर बसून. ग्रुपवर नको.