पाळी गेली, मग हार्मोनची गोळी कशाला?

लालबागची_धाकटी: माझ्या थोरल्या जाऊबाईंचं (वय ६१) दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो, रेडिएशन सगळं निभावलं. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी, ५ वर्षं. दिवाळीपासून त्यांनी ती बंद केलीय. म्हणतात, "पाळी जाऊन १२ वर्षं झाली, आता कसले हार्मोन उरलेत माझ्यात?" घरातले सगळे गप्प आहेत. मला गप्प बसवत नाही.

पाळी गेली की अंडाशय थांबतात, इस्ट्रोजेन (बायकांचं मुख्य हार्मोन) नाही थांबत. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोजेनपासून (पुरुषी हार्मोनपासून) चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम ते तयार करत राहतं. लेट्रोझोल त्यालाच अडवते. त्यांच्या रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर होते आणि तिथून त्यांना वाढायचा हुकूम मिळत होता. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर आक्रसल्याचं नोंदवलं, तेव्हा इस्ट्रोजेनचा शोधही लागला नव्हता! माझं मत: गोळी सोडू देता कामा नये.

चौथा_मजला: 'सोडू देता कामा नये' हे खटकलं. मी हीच गोळी साडेतीन वर्षं घेतेय. सकाळी बोटांची मूठ वळत नाही. आमच्या चाळीत लिफ्ट नाही, भाजीची पिशवी घेऊन चार जिने चढताना गुडघे रडवतात. ओपीडीत सांगितलं तर "होतं असं", आणि पुढचा नंबर. अरोमाटेज मलाही पाठ आहे हो. जाऊबाईंनी हार्मोनचं कारण पुढे केलंय, खरं दुखणं वेगळंच असेल. विचारलंत का कधी?

भायखळा_६७: दोघींचंही ऐकलं, पण सगळा दोष हार्मोनच्या माथी मारू नका. माझ्या बहिणीचा ईआर निगेटिव्ह, हर-टू ३ प्लस (० ते ३ मधला सगळ्यात वरचा). तिथे ही गोळी कुचकामी. हर-टू हा वाढीच्या घटकांच्या कुटुंबातला रिसेप्टर. त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पेशीवर रिसेप्टरांची गर्दी होते आणि वाढीचा संदेश थांबतच नाही. तिला ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं लागली. हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं. शिवाय हे दोन रस्ते आतून जोडलेले असतात: इस्ट्रोजेनचा बंद केला तर काही गाठी वाढीच्या घटकांचा धरतात. म्हणून आधी जाऊबाईंचा हर-टू बघा.

लालबागची_धाकटी: बघितला, ० आहे. म्हणजे त्यांच्यासाठी हार्मोनचाच रस्ता अडवायचाय, म्हणून तर जीव तुटतोय.
@चौथा_मजला, ताई, नव्हतं विचारलं. काल विचारलं. रात्री कूस बदलताना कंबर धरते म्हणाल्या, दोन वर्षांत कुणाला बोलल्या नव्हत्या. पण त्रास होतो म्हणून औषधच बंद, हे मला अजूनही पटत नाही. एक्झेमेस्टेनवर (अरोमाटेज अडवणारीच दुसरी गोळी) बदलता येतं, नाहीतर रिसेप्टर अडवणारी टॅमॉक्सिफेन आहे.

चौथा_मजला: टॅमॉक्सिफेनलाही गर्भाशयाच्या अस्तराचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे, तो आधी त्यांना कळू दे. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली नसेल तर मागून घ्या. आणि ओपीडीत तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या.

लालबागची_धाकटी: मंगळवारी जातोय. कुठे कुठे दुखतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलंय, दीड पान झालंय.