मदत हवी आहे: आईबाबांसोबत मे महिन्यात श्रीलंका, कोणता भाग धरू आणि कोणता सोडू?

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन श्रीलंकेला जायचं ठरतंय. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सलग सुट्टी मिळते ती दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. हाताशी आठ-नऊ दिवस आहेत. नकाशावर देश एवढासा दिसतो, पण जो तो आपलं एक "चुकवू नका" सांगतो आणि यादी वाढतच चाललीय. म्हणून इथे विचारतेय.

आम्ही नागपूरचे. अनुराधपूर फार वर्षांपासून आईच्या मनात आहे. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा घेऊन गेली आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात ती तिथे लावली गेली. ते झाड आईला डोळ्यांनी बघायचंय. तिथून जवळच मिहिंतले आहे, अशोकाचा भिक्खू झालेला मुलगा महेंद्र थेर आणि तिथला राजा देवानांपिय तिस्स यांची भेट झाली ती टेकडी. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे आमच्याकडे आजोबांच्या काळापासून सांगितलं जातं. त्यामुळे ही दोन ठिकाणं आणि कँडीचं दंतमंदिर (बुद्धांचा दात जपलाय ते) यात काटछाट होणार नाही. बाकी सगळं पुढेमागे करता येईल.

बाबांना सिगिरियाचा कातळकिल्ला चढायचाय आणि रानातले हत्ती बघायचेत. मला डोंगरातल्या रेल्वेची ओढ आहे, कँडीहून चहाच्या मळ्यांतून जाते ती. शिवाय गालचा किल्ला, मिरिस्साचे देवमासे, याला नावाचं अभयारण्य, उत्तरेचं जाफना अशी नावं सारखी कानावर येतात.

अडचणी अशा. मे महिन्यात तिथे पाऊस असतो असं काही जण म्हणतात, काही म्हणतात मुळीच नसतो. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती तासभर चालते पण पायऱ्या फार झेपत नाहीत. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दितवा चक्रीवादळात डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, रेल्वेमार्गाचंही नुकसान झालं. तिकडे अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर नक्की लिहा.

दिवस कमी आहेत, त्यामुळे काय सोडू हे कोणी ठामपणे सांगितलं तर फार मदत होईल.

रानवाटा:

ताई, पाऊस असतो म्हणणारे आणि नसतो म्हणणारे दोघंही बरोबर आहेत. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत आणि ते देशाचे वेगवेगळे भाग भिजवतात. आपल्याकडे येतो तो नैऋत्य मोसमी पाऊस तिथे साधारण मेच्या उत्तरार्धात पोचतो आणि सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गाल, दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगरांचा पश्चिम उतार झोडपतो. मधल्या डोंगररांगेमुळे पूर्वेकडे तेव्हा कोरडं असतं. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्व आणि उत्तर भागात पडतो. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुठेही आणि कितीही पडू शकतो. तेव्हा दिवाळीपेक्षा मे केव्हाही चांगला, आणि त्यातही पहिला पंधरवडा.

आता काय सोडायचं ते. दक्षिण किनारा पूर्ण सोडा. मिरिस्साला देवमाशांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, मे उजाडेपर्यंत समुद्र खवळायला लागतो. गालचा डच किल्ला अप्रतिम आहे, पण त्याच्यासाठी आईंना गाडीत जादा दिवस बसवू नका. जाफनाही सोडा, त्या भागाला स्वतंत्र वेळ द्यायला हवा.

त्याऐवजी पूर्वेला त्रिंकोमालीला जा. अनुराधपूरहून गाडीने अडीच-तीन तास. तुम्ही जाल तेव्हा तिथला समुद्र सगळ्यात शांत असतो. कड्याच्या टोकावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे, खाली थेट समुद्र. मंदिराकडे जाताना फ्रेडरिक किल्ल्याच्या आवारात ठिपक्यांची हरणं मोकळी फिरतात, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहतात. शेजारी निलावेलीचा किनारा. आईबाबांना दोन रात्री निवांत मिळतील.

म्हणजे विमानतळावरून थेट अनुराधपूर (कोलंबो शहरात शिरूच नका), मग त्रिंकोमाली, परतीत पोलोन्नरुवा आणि सिगिरिया-दंबुल्ला, शेवटी कँडी.

माडाची वाडी:

खाण्याचं मी सांगते, आम्ही सगळे शाकाहारी जाऊन आलो. "भाजी आहे, मासे नाहीत" एवढं ऐकून थांबू नका. पोळ सांबोळ म्हणजे ओल्या नारळाची लाल तिखट चटणी, दिसायला अगदी आपली, पण तिच्यात बऱ्याचदा उंबलकड घालतात. उंबलकड म्हणजे मालदीवचा सुकवलेला मासा, बारीक कुटून घातलेला, डोळ्यांना दिसतच नाही. डाळीत आणि भाज्यांतही असू शकतो. ऑर्डर देताना प्रत्येक वेळी "उंबलकड नको" असं नाव घेऊन सांगा. इडिआप्पा (शेवयांची चकती), साधा आप्पा, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ आणि फणसाची भाजी, यावर आईंचं छान भागेल. दुपारच्या भात-थाळीत चार-पाच भाज्या सहज असतात. अंड्याचा आप्पा वेगळा मिळतो, तेवढं बघून घ्या. म्हशीचं मडक्यातलं घट्ट दही आणि त्यावर कितुलचा पाक जरूर खायला द्या. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड, त्याच्या रसाची काकवी.

बाणावलीकर:

कँडीला जाताय म्हणून आवर्जून लिहितो. आमच्या गोव्यातल्या बाणावलीत १६५१ साली जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू जोसेफ वाझ याच कँडीत राहिले, १७११ मध्ये तिथेच गेले. किनारा ताब्यात असलेल्या डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती, त्या काळात कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना आसरा दिला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. दंतमंदिर बघताना त्या राजाची ही बाजूही आईबाबांना सांगा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. माडाची वाडी ताई, उंबलकड हे नाव लिहूनच ठेवलं. बाणावलीकर दादा, ही माहिती घरात कोणालाच नव्हती, बाबांना फार आवडली.

रानवाटा दादा, त्रिंकोमाली आमच्या यादीतच नव्हतं, आता पक्कं. दोन गोष्टी राहिल्या. पायऱ्यांचं कसं करू? आणि मेमध्ये वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा येते, आईसाठी तो दिवस तिथे गाठावा की गर्दी टाळावी?

रानवाटा:

मिहिंतलेला खालून मोजलं तर १८०० च्या वर पायऱ्या आहेत, पण गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून आम्रस्थळाच्या दागोब्यापर्यंतचा (स्तूपापर्यंतचा) चढ आई थांबत थांबत जमवतील. त्यापुढच्या उघड्या खडकावर नेऊ नका. अनुराधपूर सपाट आहे, पण स्तूपांच्या आवारात अनवाणी जावं लागतं आणि मे महिन्यात दुपारी फरशी अक्षरशः पोळते. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, सोबत जाड मोजे ठेवा, मोजे घातलेले चालतात. कपडे पांढरे घ्या, तिथे सगळे तसेच येतात. बाहेर निळी कमळं मिळतात. पाकळ्या हाताने एकेक उलगडून फूल वाहतात, आईंना विक्रेतीकडून ते शिकून घेऊ दे.

सिगिरियाला साधारण १२०० पायऱ्या. बाबांना सकाळी दार उघडताच चढवा, आईंसाठी पायथ्याची पाण्याची उद्यानं आणि संग्रहालय आहे. दंबुल्लाच्या लेण्यांनाही चढ आहे. आईंचे पाय दमले असतील तर त्याऐवजी पोलोन्नरुवाचं गल विहार बघा. एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती, जमिनीच्या पातळीवर, बाराव्या शतकातल्या. माझ्या मते अख्ख्या देशात याहून सुंदर काही नाही.

हत्तींचा मिन्नेरियाचा मोठा मेळा जुलै ते ऑक्टोबरचा, तो मिळणार नाही. पण मिन्नेरिया, कावुडुल्ला आणि हुरुलू ही रानं जवळजवळ आहेत आणि कळप त्यांच्यात फिरत असतात. त्यांच्याजवळच्या हबरणा गावात जीपवाल्याला त्याच सकाळी विचारा, आज कुठे आहेत ते.

रेल्वेचं आत्ता कोणी ठाम सांगितलं तरी त्यावर आरक्षण करू नका. निघण्याच्या आठवड्यात कँडीच्या हॉटेलला फोन करा. कँडी ते नानुओया एवढाच टप्पा सुरू असला तरी चार तासांत चहाचे मळे मनसोक्त दिसतात, एल्लापर्यंत जायची गरज नाही. बंद असेल तर गाडीने नुवारा एलियाला जा. सीता अम्मनचं छोटं मंदिर ओढ्याकाठी आहे, ते त्या शहराच्या थोडं पुढे.

वेसाक गाठाच. घरोघरी कागदी आकाशकंदील, रस्त्यात दानशाळा, कोणालाही फुकट जेवण. अनुराधपूरला त्याहून मोठी गर्दी जूनच्या पोसोन पौर्णिमेला होते, त्यामुळे वेसाकला आईंना झाडापर्यंत नीट जाता येईल. फक्त राहायची खोली आधी पक्की करा आणि मगच विमानाची तिकिटं काढा.