एल-५ एस-१ची गादी: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी की मायक्रोस्कोपखाली?

केळीबाग, रावेर

नमस्कार. आमचे आप्पा (वय ५४) केळीची शेती करतात. दोन महिन्यांहून अधिक काळ त्यांचा डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकतो आहे. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर असून डाव्या पायाच्या चवड्यावर त्यांना उभे राहता येत नाही. एमआरआयच्या अहवालात एल-५ एस-१ येथील, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे माकडहाडाच्या वरचे हाड यांमधील गादी डाव्या बाजूला बाहेर येऊन एस-१ नस दबल्याचे नमूद आहे. गोळ्या, विश्रांती आणि फिजिओथेरपी यांनी थोडाच आराम पडला. जळगावच्या सर्जनांनी मायक्रोडिस्केक्टॉमी (मायक्रोस्कोपखाली गादीचा तुकडा काढणे) सुचवली आहे, तर नाशिकच्या सर्जनांनी दुर्बिणीतून, जवळजवळ टाक्याशिवाय, शस्त्रक्रिया करता येईल असे सांगितले. मात्र तिचा खर्च बराच जास्त आहे. छेदाच्या लांबीखेरीज या दोहोंत काही फरक आहे का? दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करतात, असे म्हणतात ते खरे आहे का? आणि घड वाहण्याचे काम त्यांना पुन्हा करता येईल का?

अस्थिशल्यचिकित्सक, धुळे

दोन्ही पद्धतींचे काम एकच आहे: नसेवर आलेला गादीचा तुकडा काढून नस मोकळी करणे. संपूर्ण गादी कोणत्याच पद्धतीत काढत नाहीत, त्यामुळे उरलेल्या गादीतून पुन्हा तुकडा बाहेर येण्याचा धोका दोन्हींत राहतो. साधारणपणे तो ५ ते १० टक्के धरला जातो. १९७७ पासून रुळलेल्या मायक्रोडिस्केक्टॉमीत सुमारे अडीच-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, स्नायू बाजूला सारून मायक्रोस्कोपखाली काम होते. दुर्बिणीच्या पद्धतीत सुमारे ८ मिलिमीटरच्या छेदातून नळी आत जाते, तिच्यातच कॅमेरा आणि अवजारांची वाट असते, आणि सलाईनचा अखंड प्रवाह रक्त धुऊन दृश्य स्वच्छ ठेवतो. स्नायूंना इजा कमी होत असल्याने पहिल्या काही दिवसांत कंबर कमी दुखते, हा फायदा खरा आहे. त्यापुढे मात्र फरक झपाट्याने कमी होतो. नेदरलँड्समध्ये ६१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर पायाच्या दुखण्याच्या बाबतीत दुर्बिणीची पद्धत नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरली नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. जाहिरातींत सांगतात तितका मोठा लाभ त्यातून निघत नाही.

आपल्या प्रश्नाचा गाभा मार्गाच्या निवडीत आहे. दुर्बीण दोन वाटांनी आत जाते. एक वाट कुशीकडून, नस ज्या छिद्रातून बाहेर पडते त्या छिद्रातून. तेथे बाहेर जाणारी नस आणि खालच्या मणक्याची वरची कड यांमध्ये काम्बिन या सर्जनांच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण असतो आणि त्यातूनच अवजार नेतात. ही शस्त्रक्रिया जागेवरच बधिर करून, रुग्ण जागा ठेवून करता येते, कारण नसेला धक्का लागताच पायात कळ आल्याचे तो सांगू शकतो. परंतु एल-५ एस-१ या पातळीवर कमरेचे हाड (कुशीला हाताला लागते ते) वर आलेले असेल तर ही वाट अडते. दुसरी वाट पाठीमागून, मणक्यांच्या दोन कमानींमधील फटीतून जाते. ही फट नेमकी एल-५ एस-१ येथे सर्वांत रुंद असते, म्हणून या पातळीसाठी अनेक सर्जन हीच वाट निवडतात. तिच्यासाठी बहुधा पूर्ण भूल किंवा पाठीतून दिलेली भूल लागते. जागेपणीची शस्त्रक्रिया ही म्हणजे सर्वांनाच लागू पडणारी गोष्ट नव्हे.

चवड्यावर उभे राहता न येणे म्हणजे नसेची ताकद कमी झाली आहे. केवळ वेदना असतील तर सहा ते बारा आठवडे वाट पाहता येते आणि बहुतेकांना त्या काळात बरे वाटते. ताकद घटत असेल तर मात्र निर्णय लांबवू नये. लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, अथवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भुसावळकर

माझ्या एल-४ एल-५च्या गादीची शस्त्रक्रिया कुशीकडून, दुर्बिणीने, जागेपणी झाली. डॉक्टर मधूनमधून विचारत होते आणि मी उत्तर देत होतो. एकदा पायात विजेसारखी चमक गेली, ती सांगताच त्यांनी अवजार मागे घेतले. दुसऱ्या दिवशी घरी आलो. मात्र मांडीवर काही आठवडे आग होत असे आणि तिथे कापडही सहन होत नसे. बाहेर जाणाऱ्या नसेला चोळ बसल्याने असे होऊ शकते, अशी कल्पना मला आधी दिलेली होती, म्हणून घाबरलो नाही. तुम्हीही हे आधी विचारून घ्या, भाऊ. खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातील कोणती शस्त्रक्रिया बसते ते त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला कागदपत्रांसह विचारावे.

फिजिओथेरपिस्ट, नंदुरबार

छेद लहान असला तरी गादीच्या आवरणाला पडलेले छिद्र भरून यायला वेळ लागतोच. पहिले सहा आठवडे वाकून वजन उचलणे आणि कंबर पिळणे साधारणपणे टाळायला सांगतात. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे. वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून चालणे हे कमरेसाठी अवघड काम आहे. आप्पांनी बागेवर देखरेख करावी, वाहतूक मजुरांवर किंवा गाडीवर सोपवावी. तोल आणि ताकद परत आल्याची तपासणी झाल्यावरच थोडेथोडे वजन वाढवत जाता येईल.

केळीबाग, रावेर

सर्वांचे आभार. आप्पांच्या एक्स-रेवर कमरेचे हाड बरेच वर दिसते, असे जळगावचे सर्जन बोलले होते. त्याचा अर्थ आता कळला. नाशिकच्या सर्जनांना काय विचारावे?

अस्थिशल्यचिकित्सक, धुळे

ते कोणत्या वाटेने जाणार आहेत, आणि एल-५ एस-१वर त्याच वाटेने त्यांनी किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारा. दुर्बिणीचे कौशल्य हातात बसायला बरीच प्रकरणे लागतात. सुरुवातीच्या काळात तुकडा आत राहून जाण्याची किंवा नसेभोवतीचे आवरण फाटण्याची शक्यता अधिक असते. अडचण आल्यास त्याच टेबलावर मायक्रोस्कोपने काम पुरे करण्याची तयारी आहे का, हेही विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर जळगावातच मायक्रोडिस्केक्टॉमी करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. चवड्याची ताकद मात्र या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या.