चर्चा: रेडिओ जाहिरातीतला 'समाधानी ग्राहक' खोटा असेल तर तो वाजवूच नये

कृष्णाकाठ

सांगली-सातारा पट्ट्यात कुठलंही स्टेशन लावा, 'तो' भेटतोच. आधी कण्हणं, मग "काय वो काकू, गुडघं लई दुखत्यात काय?", मग शेजारणीचा सल्ला, मग "आता मी अजिंक्यतारा चढून आलो!" आणि शेवटी चौक, दुकान, मोबाईल नंबर दोनदा. काकू खऱ्या नाहीत, शेजारीण खरी नाही. बऱ्याचदा दोन्ही आवाज एकाच बाईचे असतात.

जिंगलही डोकं उठवते, पण तिच्याशी माझं भांडण नाही. "या हो या, साड्या घ्या" म्हणणाऱ्या गायिकेनं तिथूनच साडी घेतली असेल असं कुणी धरत नाही. "मला गुण आला" ही मात्र साक्ष आहे. साक्षीदार भाड्याचा असेल तर ती जाहिरात प्रसारकानं घेऊच नये. बदल्यात दोनच वाटा: खरा ग्राहक आणा, नाहीतर निवेदकाच्या आवाजात सरळ माल सांगा.

मिक्सर_चालू

जाहिराती बनवणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, शिव्या नंतर घाला.

स्पॉट, म्हणजे जाहिरातीची वेळ, 10 सेकंदांच्या पटीत विकला जातो. विट्याचा फर्निचरवाला किंवा कोरेगावचा चष्मेवाला 20 किंवा 30 सेकंद घेतो. त्याच्या खऱ्या ग्राहकाला माईकसमोर बसवा आणि काय होतं बघा. दुकानात पंखा, फ्रीज, रस्त्यावरचे हॉर्न. घरात रिकाम्या भिंतींचा घुमारा. लाल दिवा लागला की माणूस शाळेत धडा वाचल्यासारखा बोलायला लागतो. पाच मिनिटांच्या बोलण्यातून वापरता येईल असं एकच वाक्य निघतं, "हां, चांगलं हाय की", आणि त्यात दुकानाचं नाव नसतं. नाव घ्यायला लावलं की तो ते चुकीचं घेतो. सगळं जुळलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन येतो, "बाबांचा आवाज लावू नका."

स्टुडिओत दोन कलाकार हेच तासाभरात करून देतात, मिक्सिंगसह. लहान गावातल्या लहान धंद्याला तेवढंच परवडतं. ऐकणारा काही खुळा नाही. तमाशातला राजा खरा राजा नसतो हे आपल्याकडं पोरासोरांना कळतं. ही छोटी नाटुकली आहेत, प्रतिज्ञापत्रं नव्हेत.

कलम_एकवीस

मिक्सरराव, नाटुकलीला कुणाची हरकत नाही. कायदा बघतो तो एवढंच की ऐकणाऱ्याला काय वाटेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'पृष्ठांकन' म्हणजे काय ते कलम 2(18) सांगतं: बोलणाऱ्या व्यक्तीचं मत, निष्कर्ष किंवा अनुभव त्यातून दिसतो असं ग्राहकाला वाटेल असा कोणताही संदेश किंवा तोंडी विधान. काकू कलाकार असल्या तरी ऐकणाऱ्याला तो अनुभव वाटतो, म्हणजे त्या व्याख्येत बसल्या.

जून 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना पुढचं सांगतात. असं मत प्रामाणिक हवं, बऱ्यापैकी ताजं हवं, आणि त्या मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव यांवर आधारलेलं हवं. अटी-खुलाशाची टीप दाव्याच्याच भाषेत हवी. दावा आवाजात असेल तर टीपही त्याच वेगात हवी. शेवटी घाईत म्हटलेलं "अटीलागू" त्यात बसत नाही.

दिशाभूल ठरली तर कलम 21 खाली 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. प्रसारकही त्यात येतो, मात्र नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जाहिरात वाजवली असेल तर त्याला सूट आहे. ती सूट फार मोठी आहे असं माझं मत.

हे काही काल-परवाचं सोवळं नाही. आकाशवाणीवर व्यापारी प्रसारण 1967 ला सुरू झालं. तिच्या जाहिरात संहितेतच लिहिलंय की ग्राहकांचे दाखले खरे असावेत, दिशाभूल होईल असे वापरू नयेत, आणि पुरावा द्यायची तयारी असावी. खासगी एफएमलाही परवान्याच्या अटीनुसार हीच संहिता पाळावी लागते.

बँडपास

कायद्याचं चालू द्या. खोटा ग्राहक कानानं कसा ओळखायचा ते सांगतो.

'फोनवरून बोलणारे ग्राहक' हा सगळ्यात सोपा बनाव. स्टुडिओत स्वच्छ आवाज घ्यायचा, 300 हर्ट्झच्या खालचं आणि 3400 च्या वरचं कापायचं, वर थोडी खरखर टाकायची, झाला फोन. जुन्या टेलिफोनची पट्टी तेवढीच होती म्हणून हा आकडा. आता 4जी वरचा कॉल साधारण 7000 हर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळं 'स' आणि 'श' मोकळे ऐकू येतात. जाहिरातीतला फोन अजून लँडलाइनच्या काळातच आहे! दुसरी खूण, खऱ्या फोनवर माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, "हॅलो, हां, हां बोला" करतात. बनावटीत दोघं आपापली पाळी येईपर्यंत शहाण्यासारखी गप्प असतात. श्वासही कापलेले असतात, कारण अर्धा सेकंदही महाग.

तिसरी खूण बोली. आमचा 'गावाकडचा माणूस' पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तयार होतो, प्रत्येक वाक्यात "व्हय जी" आणि "आवं". जतकडचं कानडी वळण वेगळं, माणचं वेगळं, कराडचं वेगळं. ते सगळं एका पिशवीत.

मिक्सर_चालू

बँडपास दादा, 300-3400 ला मान्य. बोलीचं म्हणाल तर कराडचा स्वच्छ आवाज मिळेल तेव्हा कळवा, कलाकार शोधतोच आहोत.

आडसाली

सगळे खोट्या आवाजावर तुटून पडलाय. मला खरा ग्राहक जास्त धोक्याचा वाटतो. कृष्णाकाठांची 'खरा माणूस आणा' ही वाट मला अजिबात पटत नाही.

उदाहरण उसाचं घेऊ, कारण इकडं निम्म्या शेती-जाहिराती त्याच्याच. "अमुक टॉनिक मारलं आणि एकरी 100 टन काढलं." माणूस खरा, गाव खरं, कारखान्याची वजनपावती खरी. वाळवा तालुक्यात 100 टनांच्या वर जाणारे शेतकरी आहेतच. तरी जाहिरात खोटी असू शकते.

100 टनांचा हिशोब सरळ आहे: एकरी 40 हजार गाळपालायक ऊस, प्रत्येक अडीच किलोचा. संख्या आली कुठून? साडेचार-पाच फुटी सरी, निरोगी बेणं, वेळेवर बाळबांधणी, नांग्या भरणं, ठिबक. वजन आलं कुठून? मुख्यतः वेळेतून. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण 16 ते 18 महिने रानात असते, 'सुरू' हंगामातला ऊस 12 महिने. जाहिरातीतल्या शेतकऱ्याची आडसाली असते आणि ऐकणारा तुलना करतो आपल्या खोडव्याशी, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाशी. त्यावर जातीचा फरक, को 86032 आहे की फुले 265, आणि जमीन काळी कसदार की चोपण.

आता खत. आडसालीला सर्वसाधारण शिफारस हेक्टरी नत्र 400, स्फुरद 170, पालाश 170 किलो. एकरी धरलं तर नत्र 160 किलो. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ 348 किलो युरिया, 45 किलोच्या पावणेआठ गोण्या. एक लिटर टॉनिकमध्ये 5 टक्के नत्र असलं तरी ते भरतं 50 ग्रॅम! टॉनिक म्हणजे संजीवक, ते अन्न म्हणून देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मुळं वाढवणं, ताण सोसणं असं त्यांचं काम असू शकतं, आणि 2021 पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आलीत. पण मग जाहिरातीनं तेवढंच म्हणावं. त्याच रानात, त्याच लागणीत, टॉनिक न मारलेल्या चार सऱ्यांचं वजन किती भरलं, हे एक वाक्य हवं. ते कुठल्याच जाहिरातीत नसतं.

भाड्याचे काका निदान नाटकी वाटतात. खरा शेतकरी मनापासून बोलतो, त्याला स्वतःलाही तेच कारण वाटत असतं, आणि ऐकणारा दुकान गाठतो.

कृष्णाकाठ

आडसाली, बरोबर बोललात, पण यातून खोटा माणूस चालवून घ्या असं कसं निघतं? खऱ्याला निदान जाऊन विचारता येतं की लागण कधीची. खोट्याला कुठं गाठणार?

आडसाली

नाव-गाव सांगितलं तर गाठणार ना. "सांगलीचे एक शेतकरी" म्हणे.

माणदेशी_लहर

सामुदायिक रेडिओंचा विचार कुणी करणार आहे का? म्हसवडचं माणदेशी तरंग, जत तालुक्यातलं येरळावाणी, असली केंद्रं चार तालुक्यांच्या पलीकडं जात नाहीत. 2024 च्या धोरणानं त्यांना तासाला 12 मिनिटं जाहिरात मिळाली, पण देणारे कोण? गावातला बियाणेवाला आणि भांडीवाला. प्रत्येक जाहिरातीमागं पुरावा, संमतीपत्र, फाईल मागायला लागलात तर तोही जाईल.

तिथं खोट्या ग्राहकाची गरजच पडत नाही, ही गोष्ट वेगळी. "म्हसवडची एक ताई" म्हटलं की आठवडी बाजारात पहिला प्रश्न येतो, कुठली ताई? कुणाची सून? मोठ्या स्टेशनला तो धाक नाही. नियम कडक करायचा तर आवाका बघून करा.

कलम_एकवीस

संमतीपत्राला बाऊ करू नका. अर्धं पान पुरतं: नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, पैसे किंवा मोफत माल मिळाला का, काय बोलले, कुठं आणि किती महिने वाजवणार, सही, तारीख. सोबत बिलाची झेरॉक्स.

आणि पहिल्या पोस्टमधल्या गुडघ्यांकडं परत वळते, कारण तिथं खरा-खोटा हा वादच गैरलागू आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 च्या परिशिष्टात 54 आजार आहेत. संधिवात, मधुमेह, मुतखडा, रक्तदाब, लठ्ठपणा, पक्षाघात त्यात येतात. या आजारांवर औषध म्हणून जाहिरात करायलाच मनाई. ग्राहक सातारचा, खरा आणि देवमाणूस असला तरी मनाईच. 'जाहिरात' या शब्दात तोंडी आणि ध्वनीनं केलेली घोषणा त्या कायद्यानं तेव्हाच घेतली होती. म्हणून हुशार जाहिरातदार 'संधिवात' म्हणतच नाहीत, "सांध्यांना आराम" म्हणतात, आणि आजाराचं नाव 'काकूं'च्या तोंडी देतात. पण काकू जाहिरातीतच बोलतायत. त्यांचं बोलणंही जाहिरातच.

तक्रारीला लागतं ते एवढं: स्टेशनची फ्रिक्वेन्सी, तारीख, वेळ मिनिटापर्यंत, मोबाईलवर ध्वनिमुद्रण, आणि नेमकं आक्षेपार्ह वाक्य लिहून. "जाहिरात खोटी आहे" एवढंच लिहिलं की अर्ज पडून राहतो. "मधुमेह कायमचा बरा हा दावा, अमुक वेळी" असं लिहा. औषध असेल तर जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासन. इतर मालाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 खाली थेट जिल्हाधिकाऱ्यांकडं देता येते, दिल्लीला जायची गरज नाही. फोनवरून सुरुवात करायची तर ग्राहक हेल्पलाइन 1915. सामुदायिक केंद्रांना तीन महिन्यांचं प्रसारण जपून ठेवावं लागतं, म्हणून उशीर नको.

क्लासच्या जाहिरातींना तर नोव्हेंबर 2024 पासून वेगळ्या सूचनाच आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचा आवाज वापरायचा तर निवड झाल्यानंतरची लेखी संमती हवी, आणि त्यानं कुठला कोर्स, किती दिवस केला ते सांगायला हवं. नुसत्या मुलाखतीच्या तयारीला चार दिवस आलेला मुलगा 'आमचा विद्यार्थी' होत होता, ते बंद करायला.

हळदपेठ

एवढं सगळं 30 सेकंदांत कोण बसवणार? जाहिरात आहे का सातबारा?

मिक्सर_चालू

हेच म्हणतोय. मराठीत सावकाश, कळेल असं बोललं तर 30 सेकंदांत 60 ते 65 शब्द. त्यातले 20 दुकानाचं नाव, चौक आणि नंबर खातात. कलाकार हटवा म्हणताय तर त्या 40 शब्दांत खरा माणूस बसवून दाखवा.

बँडपास

घ्या. गादीवाल्याचं करतो, गाव-नाव काल्पनिक.

निवेदक: "अमुक गावचे तमुक पाटील. गेल्या दिवाळीत इथून कापसाची गादी घेतली, स्वतःच्या पैशानं." पाटील: "आठ महिनं झालं. मधी खड्डा न्हाई पडला. कडंचा टाका एकदा उसवला, त्यांनी फुकट मारून दिला." निवेदक: दुकान, चौक, नंबर.

पाटलांचं बोलणं 15 शब्दांचं. हे मिळवायला "गादी कशी वाटली?" विचारू नका, "चांगली" एवढंच येतं. "कधी घेतली? काय बिघडलं? मग काय केलं?" असं विचारा. प्रश्नाचा आवाज नंतर कापता येतो, म्हणून त्यानं पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं. माईक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. जागा गादीच्या दुकानातच घ्या, कापसाच्या ढिगात घुमारा उरत नाही. निघताना खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या, कापलेल्या जागा भरायला तो लागतो.

मिक्सर_चालू

स्क्रिप्ट बसते. पण "टाका उसवला" हे कुठला मालक वाजवू देईल? पहिली काट तिथंच बसणार.

कृष्णाकाठ

तो टाका आहे म्हणून तर पाटील खरे वाटतात.

मिक्सर_चालू

तुम्हाला वाटतात. बिल मालक देतो.

हळदपेठ

मोबाईल नंबर दोनदा म्हणता तो एकदा करा, पाचेक सेकंद सुटतील. चौकातलं दुकान शोधायला कुणी नंबर लिहून घेत नाही. त्या पाच सेकंदांत टाकाही बसेल आणि "फुकट मारून दिला" हे दोनदा म्हणता येईल. मालकाला ते आवडेल की.